बालरुग्णांना शासकीय साहाय्य आणि आपले कर्तव्य

वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद होत, हे आपण प्रथम वर्षापासून शिकत आलो आहोत. यांपैकी रुग्णाचे गुण सांगताना वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात 'आढ्य' हा शब्द योजिला आहे. चिकित्सेस लागणारा खर्च करण्याचे सामर्थ्य रुग्णापाशी असावे, असा त्याचा सरळ अर्थ. विद्यार्थिदशेत हा शब्द परीक्षेपुरता पाठ होतो आणि पुढे विस्मृतीत जातो. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र चार पादांपैकी हाच पाद सर्वांत आधी लंगडतो, असा अनुभव प्रत्येक वैद्यास येतो. त्यातही रुग्ण बालक असेल, तर त्याचे स्वतःचे असे धन काहीच नसते. ज्या घरी ते जन्मले, त्या घराची ऐपत हीच त्याची ऐपत.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शासनाने या उणिवेची भरपाई करण्याचा बराच प्रयत्न केला आहे. हे श्रेय द्यावयास हवे. तथापि शासनाने देऊ केलेले साहाय्य आणि गरजू बालक यांच्यामध्ये अद्याप एक दरी आहे. त्या दरीच्या अलीकडच्या काठावर, बालकाच्या सर्वांत निकट, आपण वैद्य व औषधविक्रेते उभे आहोत. आपल्या त्रैमासिकातून लेहन, सुवर्णप्राशन, बालशोष अशा विषयांवर विपुल चर्चा होते. हा विषय मात्र बहुधा सुटून जातो. म्हणून प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

शासनाने काय देऊ केले आहे?

प्रथम योजनांचा थोडक्यात आढावा घेऊ. महाराष्ट्रात १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांसारख्या निवडक गंभीर आजारांपुरती मर्यादित होती. २ जुलै २०१२ पासून आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ पासून संपूर्ण राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीत प्रत्येक पात्र कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. १ एप्रिल २०१७ पासून तीच महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्रित राबविल्या जाऊ लागल्या. त्यानंतर २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाची अट गळाली आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले.

केवळ बालकांसाठी असलेल्या तरतुदी याहून वेगळ्या आहेत. १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात अर्भकास औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य मिळते. ही मर्यादा पुढे एक वर्षाच्या वयापर्यंत वाढविण्यात आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा तर आरंभच महाराष्ट्रात, पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांची जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार बाजूंनी तपासणी करावयाची व पुढील उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियाही, विनामूल्य घडवून आणावयाचे, असा हा कार्यक्रम आहे. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणान्वये निवडक केंद्रांत साहाय्य मिळते. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक असून साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाख रुपये करण्यात आली. याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या असतात.

ही यादी परिपूर्ण नाही. परंतु एवढ्यावरूनही एक गोष्ट स्पष्ट होते. 'पैसा नाही म्हणून मुलाची शस्त्रक्रिया राहिली' हे वाक्य आपण आजही ऐकतो. मात्र त्यामागचे खरे कारण पुष्कळदा पैशाचा अभाव नसून माहितीचा आणि वेळेचा अभाव हे असते.

जो खर्च कोणत्याच कागदावर दिसत नाही

याचा अर्थ शासकीय साहाय्य पुरेसे आहे असा नव्हे. जन आरोग्य योजना ही मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी आहे. तिच्या मूळ आराखड्यात रुग्णास भोजन, घरी परतताना राज्य परिवहनाच्या गाडीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे एक वेळचे भाडे आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची सेवा एवढे अंतर्भूत आहे. मात्र बालकाच्या दीर्घ आजाराचा खर्च दाखल होण्यापूर्वी कित्येक महिने सुरू होतो आणि दहा दिवसांनी संपत नाही.

वाकड्या पावलांचे, म्हणजे ज्यास क्लबफूट म्हणतात त्या व्यंगाचे, उदाहरण पाहावे. पॉनसेटी पद्धतीने आठवड्यास एक याप्रमाणे साधारणतः पाच-सहा वेळा प्लास्टर बदलले जाते, बहुतेकांत टाचेची शीर लहानशा छेदाने सैल करावी लागते आणि त्यानंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत प्रायः रात्री विशेष बूट वापरावे लागतात. शासकीय रुग्णालयात प्लास्टरला पैसे पडत नाहीत. परंतु तालुक्याच्या दूरच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला जावयाचे, म्हणजे आईची मजुरी बुडते, बहुधा सोबतीला जाणाऱ्या माणसाचीही बुडते, आणि गाडीभाडे वेगळे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस ते कुटुंब येणे सोडते. मग 'पालक निष्काळजी आहेत' असा शेरा मारून सर्वजण मोकळे होतात.

आमच्या माहितीतील एका गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थांच्या मुलीच्या हृदयात छिद्र होते. शस्त्रक्रिया योजनेतून झाली. तिला एक पैसाही लागला नाही आणि मुलगी आज शाळेत जाते. तरीही त्या घरातील दोन शेळ्या विकाव्या लागल्या व हातउसने झाले ते निराळेच. निदान होईपर्यंतच्या खाजगी तपासण्या, तीन आठवडे शहरात दोन माणसांचे राहणे, तेवढ्या दिवसांचे बुडालेले काम आणि नंतर सहा महिन्यांची औषधे यांचा हिशेब कोणत्याच योजनेच्या कागदावर नव्हता.

देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा निश्चितच लक्षणीय आहे. तरीदेखील दर शंभर रुपयांमागे एकोणचाळीस रुपये घराच्या डब्यातूनच निघतात, आणि ज्या घरचा डबा आधीच रिकामा असतो तेथे उपचार थांबतो.

पहिले दार आपले आहे

आता आपल्या वाट्याचा विचार करू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात, एक पुरुष व एक स्त्री. महाराष्ट्रात या पदांवर आपले बी. ए. एम. एस. पदवीधर मोठ्या संख्येने कार्यरत आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि शाळेत एक वेळ तपासणी, असा त्यांचा क्रम असतो. याचाच अर्थ, शासनाच्या बालआरोग्य व्यवस्थेत बालकास प्रथम हात लावणारा वैद्य हा पुष्कळदा आपल्याच शास्त्राचा पदवीधर असतो. या गोष्टीचा आपणांस अभिमान वाटावयास हवा. आपल्या संमेलनांत मात्र या मंडळींचा साधा उल्लेखही होताना दिसत नाही.

परंतु पथकाची नजर सर्वत्र पोहोचू शकत नाही. हा कार्यक्रम शासकीय व अनुदानित शाळांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांतील मुले त्याबाहेर राहतात. ऊसतोड कामगारांची बालके दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात ती उन्हाळ्यातच परततात. पथक गावच्या अंगणवाडीत येते तेव्हा त्यांची जागा रिकामी असते. वीटभट्टीवरील मुलांची स्थिती याहून निराळी नाही. ही मुले आजारी पडली की त्यांना कोठे नेले जाते? जवळच्या बाजारपेठेतील दवाखान्यात, म्हणजे बहुधा आपल्याकडे. किंवा त्याहीआधी औषधाच्या दुकानात. जे बालक शासनास दिसत नाही, ते आपणांस दिसते.

मग आपण त्या वेळी काय करतो? येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. 'मूल अंगी लागत नाही, भूक नाही, वारंवार सर्दी-खोकला होतो' अशी तक्रार आली की एखादे दीपन-पाचन आणि एखादे बल्य औषध देऊन महिन्याने बोलाविण्याची रूढी आपल्या व्यवसायात आहे. शंभरांतील बहुतेक मुलांस त्याने गुणही येतो. परंतु उरलेल्यांपैकी एखाद्याच्या हृदयात छिद्र असते, एखाद्यास सिकलसेल असतो. त्याचे वर्ष-दीड वर्ष बाटल्यांवर निघून जाते आणि योजनेच्या दारी ते उशिरा पोहोचते. पाठविलेला रुग्ण परत येणार नाही, घरोबा तुटेल, ही भीतीही त्यामागे असते. ती मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु बालकाच्या आयुष्याच्या मोलाने ती जपता येणार नाही.

रुग्णास अन्यत्र पाठविणे म्हणजे आपल्या शास्त्राचा कमीपणा, असा एक समज आहे. तो शास्त्रास धरून नाही. चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत शस्त्रसाध्य अवस्था येताच तो अधिकार धान्वंतर संप्रदायाचा आहे असे निःसंकोचपणे सांगितले आहे. ज्यांनी आपली मर्यादा इतक्या स्वच्छपणे आखली, त्यांच्या परंपरेत आपण स्वतःस गणतो.

पुष्य नक्षत्राचा दिवस

उपाय सांगताना आम्ही नवा भार सुचवीत नाही. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची प्रथा आता गावोगावी रुजली आहे. दर सत्तावीस दिवसांनी अनेक दवाखान्यांत वीस-पंचवीस, कोठे शंभर बालके एकाच दिवशी येतात. त्यांतील कित्येक महिनोन्महिने नियमाने येतात. अशी संधी मोठमोठ्या रुग्णालयांसही लाभत नाही. या दिवशी थेंब देण्यापूर्वी प्रत्येक बालकामागे पाच मिनिटे दिली आणि एक नोंदवही ठेवली, तर आपला दवाखाना हे त्या परिसरातील बालतपासणी केंद्र होईल.

वजन व उंची नोंदवून मागील खेपेशी ताडून पाहावी. छातीस नळी लावून हृदयाचे शब्द ऐकावेत. दूध पिताना धाप लागणे, कपाळास घाम येणे किंवा ओठ निळे पडणे यांविषयी आईस विचारावे. पावले, पाठीचा कणा, टाळू व वृषण पाहावेत. आवाजाकडे मान न वळविणाऱ्या तान्ह्या मुलास 'उशिरा बोलेल' असे आश्वासन देऊन परत पाठवू नये. ऐकू न येणाऱ्या मुलास यंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट जितके लवकर मिळेल तितकी वाचा उमलण्याची आशा अधिक, आणि वय वाढले की ती संधी व त्यासाठीचे साहाय्य दोन्ही निसटतात. तापाबरोबर सांधे सुजणाऱ्या मुलास आमवात म्हणून केवळ गुग्गुळाच्या कल्पांवर ठेवू नये. त्याच्या हृदयाची तपासणी व्हावी. विदर्भात किंवा नंदुरबारसारख्या भागात सांधे व हाडे दुखणारे फिकट मूल आले, तर सिकलसेलची तपासणी व्हावी. त्यासाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमच सुरू झालेली आहे.

कामलेविषयी विशेष सांगावयाचे आहे. तिळाच्या पिठासारख्या पांढुरक्या मळाचे वर्णन आपण शाखाश्रित कामलेत वाचले आहे. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही बाळाचे डोळे पिवळे असतील आणि मळ तसा पांढुरका होत असेल, तर पित्तवाहिनीच्या जन्मजात अवरोधाची शंका घ्यावी. त्यावरील शस्त्रक्रिया सुमारे दोन महिन्यांच्या आत झाली तरच यशाची शक्यता चांगली राहते. अशा बाळास आठ दिवसांचे औषध देऊन पाहणे हा चिकित्सेचा भाग नसून कालाचा अपव्यय आहे.

शंका आली की चिठ्ठी द्यावी. मात्र 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' एवढे लिहून भागत नाही. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र कोणत्या इमारतीत आहे, योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र कोठे बसतात, सोबत कोणते कागद न्यावयाचे, हे त्या चिठ्ठीवर असावे. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत विनामूल्य होते. तो दाखला झाला का आणि बाळाचे नाव शिधापत्रिकेत घातले का, हे दोन प्रश्न प्रत्येक आईस विचारण्याचा प्रघात पाडावा. या दोन कागदांवाचून ऐन वेळी रुग्णालयाच्या दारात किती धावपळ होते, हे आपणांस ज्ञात आहेच.

औषधविक्रेत्या बंधूंस

आपल्या वाचकांत औषधालयांचे मालक बहुसंख्य आहेत. मुलाचे नाव, दिनांक आणि औषधाचे नाव असलेली पक्की पावती प्रत्येक बालरुग्णास द्यावी, अशी त्यांस आमची विनंती आहे. तिचे मोल आपणांस वाटते त्याहून अधिक आहे. स्वमग्नता, मस्तिष्काघात, बौद्धिक दिव्यांगता व बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना आहे. तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून बाह्यरुग्ण उपचार, नियमित थेरपी आणि प्रवास यांबरोबर पर्यायी चिकित्सापद्धतींच्या खर्चाचाही अंतर्भाव आहे. आधी खर्च करावयाचा आणि नंतर पावत्या सादर करून परतावा घ्यावयाचा, अशी तिची रीत आहे. म्हणजे आपल्याकडे अभ्यंग-बस्तीसाठी येणाऱ्या मस्तिष्काघाताच्या मुलाचा काही खर्च त्याच्या पालकांस परत मिळू शकतो; परंतु कच्च्या चिठोऱ्यावर हिशेब लिहून दिला तर तो हक्क तेथेच बुडतो.

दुसरे असे की, तेच बल्य औषध एकाच मुलासाठी तिसऱ्यांदा मागितले गेले, तर बाटली पुढे करण्यापूर्वी 'वैद्यांस पुन्हा दाखविले का?' एवढे विचारावे. त्यामुळे एखादी बाटली कमी खपेल. दुकानावरचा विश्वास मात्र वाढेल.

शासनाकडे आपली मागणी

कर्तव्याबरोबर मागणीही हवी. कुपोषित बालकास पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवले असता मातेस बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व शासनाने पूर्वीच स्वीकारले आहे. मूल बरे होण्यासाठी आईचा दिवस खर्ची पडतो आणि त्या दिवसास मोल असते, हे एकदा मान्य केल्यावर ते तत्त्व कुपोषणापुरतेच का असावे? प्लास्टरच्या खेपा, वाचा-उपचार, अपस्माराची दीर्घकालीन औषधे, शस्त्रक्रियेनंतरची तपासणी यांसाठी येणाऱ्या बालकाच्या एका पालकास प्रवासखर्च व बुडीत मजुरी मिळावी. शस्त्रक्रियेवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम अल्प आहे. पण तिच्यावाचून पुष्कळदा त्या मोठ्या खर्चाचेही चीज होत नाही. दुसरी मागणी, नोंदणीकृत वैद्याने पाठविलेली चिठ्ठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखल करून घेतली जावी व पुढे काय झाले ते त्या वैद्यास कळविले जावे. तिसरी, बाल स्वास्थ्य पथकांतील आपल्या वैद्यांच्या सेवा बहुतांशी कंत्राटी आहेत. दरवर्षी नेमणुकीची चिंता वाहणाऱ्या वैद्याकडून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकाचा पाठपुरावा कसा अपेक्षावा?

शासकीय योजनांत आयुर्वेदीय उपचारांस अधिक स्थान मिळावे, ही मागणी आपल्या व्यासपीठांवरून वारंवार होते. ती रास्तच आहे आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. मात्र ती मागणी घेऊन मंत्रालयात जाताना आपल्या हाती काय असेल, याचाही विचार व्हावा. निवेदनांच्या थप्पीपेक्षा एका तालुक्यातील पन्नास दवाखान्यांच्या नोंदवह्या अधिक बोलक्या ठरतील. एका वर्षात किती बालके तपासली, किती वेळेवर पाठविली, कितींस शासकीय साहाय्य मिळाले व कितींचे काय अडले, एवढे त्यांत असले तरी पुरे. अशी माहिती आज कोणाहीपाशी नाही. ती आपण जमवू शकतो.

यासाठी प्रत्येक जिल्हा शाखेने दोन गोष्टी त्वरित कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. आपल्या जिल्ह्यातील योजनेची रुग्णालये, धर्मादाय रुग्णालये व शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांचे एक पानी पत्रक मराठीत छापून प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात व दुकानात लावावे. आणि पुढील पुष्य नक्षत्रापासून नोंदवही सुरू करावी. पत्रकाच्या छपाईस फार तर एखाद्या सत्कारसमारंभातील हारतुऱ्यांइतका खर्च येईल.

बालक आढ्य नसते, हे वाग्भटाचार्यांच्या काळीही खरे होते आणि आजही आहे. त्याचा हा गुण आज समाजाने आपल्या करांतून भरून काढावयाचे ठरविले आहे. त्या बालकाचा हात धरून त्यास त्या दारापर्यंत वेळेवर नेणे एवढेच आपल्याकडे उरते, आणि ते कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता उद्यापासून करता येण्याजोगे आहे.